भिंतीला लागून पेव्हर ब्लॉक बसवले, आता पाणी भिंतीशीच साचतंय

मागचं_अंगण

घराच्या मागच्या बाजूला भिंतीला लागून पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, त्याला चार महिने झाले. जागा ५ मीटर लांब आणि भिंतीपासून बाहेर ४ मीटर. आधी नुसती माती होती, पाऊस पडला की चिखल व्हायचा, म्हणून हे काम काढलं. ब्लॉक ६० मिमी जाडीचे. खाली खडी आणि वर वाळू टाकली, असं काम करणाऱ्यांनी सांगितलं. मी त्या दिवसांत घरी नव्हतो, त्यामुळे खाली नेमकं काय गेलं ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

दिसायला काम सुरेख झालं. पण पहिला जोराचा पाऊस झाला आणि भिंतीच्या कडेने दोन फुटांच्या पट्ट्यात पाणी उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तसंच होतं. तीन-चार पावसांनंतर आतल्या खोलीत स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीपर्यंत रंगाला फुगे आले. आता पोपडे निघताहेत आणि पांढरा लोणा दिसतोय. वीस वर्षांत ही भिंत कधी ओलावली नव्हती.

काम करणारे म्हणतात, सांध्यांत सिमेंट भरून घेऊ म्हणजे पाणी खाली उतरणार नाही. ओळखीतले एकजण म्हणतात, भिंतीलगतची एक ओळ काढून तिथे खडी भर. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीयेत, पण का पटत नाहीत तेही सांगता येत नाही. सगळं उखडायची वेळ आली असेल तर तेही स्पष्ट सांगा. घाईने चुकीची डागडुजी करायची नाहीये.

चाफा

आधी एक खात्री करून घ्या. त्या भिंतीतून किंवा अंगणाखालून पाण्याचा किंवा सांडपाण्याचा पाइप जातो का? आमच्याकडे पावसाचा दोष समजून बाहेरची जमीन खणली आणि शेवटी गळका पाइप भिंतीत निघाला. पाऊस नसताना ओल वाढते का, ते आठवडाभर पेन्सिलीने खुणा करून बघा.

ओळंबा

चाफा यांचा प्रश्न योग्य आहे, तो आधी निकालात काढा. त्यानंतर तीन मापं हवीत. ती आल्याशिवाय कोणीही उपाय सांगू नये असं मला वाटतं.

१. ढाळ. भिंतीशी, भिंतीपासून दोन फुटांवर आणि बाहेरच्या कडेला ब्लॉकची पातळी किती वर-खाली आहे? यासाठी लेव्हल ट्यूब पुरेशी आहे. पारदर्शक नळीत पाणी भरा, आतले बुडबुडे सगळे काढा (एक जरी राहिला तरी माप फसतं), एक टोक भिंतीशी बांधा आणि दुसरं टोक फिरवत न्या. प्रत्येक जागी पाण्याच्या रेषेपासून ब्लॉकपर्यंतचं अंतर लिहा.

२. जोत्यावरचा ओलरोधक थर, म्हणजे डीपीसी, ब्लॉकच्या वरच्या पातळीपासून किती उंच आहे?

३. छपराचं पाणी कुठे पडतं? पन्हळीचा पाइप कुठे सुटतो?

मागचं_अंगण

आठवडाभर खुणा केल्या. कोरड्या दिवसांत ओलीची रेघ हलली नाही, पाऊस झाला त्या रात्रीनंतर दोन बोटं वर चढली. पाणीपुरवठा आणि सांडपाणी दोन्ही घराच्या समोरच्या बाजूला आहे, तेव्हा पाइपची शंका सोडून देतो.

मापं अशी:

भिंतीशी जी पातळी आहे ती शून्य धरली. भिंतीपासून ६० सेंमीवर ब्लॉक २ सेंमी उंच आहेत. तिथून उतार सुरू होतो आणि बाहेरच्या कडेला पातळी शून्याच्या १ सेंमी खाली आहे. म्हणजे भिंतीलगत अक्षरशः पन्हळ तयार झाली आहे. पन्हळीचा पाइप असलेल्या कोपऱ्यात हा खोलगटपणा साडेतीन सेंमी आहे.

डीपीसीची रेघ बाहेरून दिसते. ती ब्लॉकच्या फक्त ४ सेंमी वर आहे.

छपराच्या मागच्या उताराचं सगळं पाणी, साधारण ६० चौरस मीटरचं, त्याच कोपऱ्यातल्या पाइपने थेट ब्लॉकवर पडतं. आधी मातीवर पडायचं.

ओळंबा

तुमच्या आकड्यांतच सगळी गोष्ट आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता ती पाहून वाईट वाटतं.

घराचा पाया घालताना भिंतीच्या जागेपेक्षा रुंद चर खणतात, कारण गवंड्याला आत उभं राहून काम करायला जागा लागते. पाया झाला की उरलेल्या जागेत तीच माती परत ढकलतात. ही भरणी सहसा थराथराने ठोकलेली नसते. वर्षानुवर्षं ती हळूहळू दबते, आणि तिच्यावर नव्याने वजन आलं किंवा पाणी मुरलं की आणखी दबते. त्यापलीकडची जमीन मात्र मूळची, घट्ट. तुमचे ब्लॉक अर्धे भरणीवर आणि अर्धे पक्क्या जमिनीवर आहेत. ६० सेंमीवर जो उंचवटा मिळतोय ती बहुधा त्या जुन्या चराची कड आहे.

पाणी साचलं की खालची भरणी ओली होते, ओली झाली की आणखी बसते, आणि खोलगट भाग वाढला की आणखी पाणी साचतं. हे आपोआप थांबणार नाही. कोपऱ्यात जास्त खचलंय कारण छपराचं पाणी तिथे आदळतंय. हिशोब करा: १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तासाभरात ४० मिमी पाऊस झाला तर तुमच्या ६० चौरस मीटर छपरावरून २४०० लिटर पाणी त्या एका कोपऱ्यात येतं. आख्ख्या अंगणावर थेट पडणारं पाणी त्याच वेळात ८०० लिटर. म्हणजे अंगणाच्या तिप्पट पाणी तुम्ही आपल्या हाताने पायाशी ओतताय. पाइपचं काम आजच करा. तात्पुरता एक लवचीक पाइप जोडून पाणी बागेत लांब सोडा. ब्लॉकचं काय करायचं ते ठरायला वेळ लागला तरी चालेल, हे थांबू देऊ नका.

आता ढाळ. अशा फरसबंदीला दर मीटरला दीड ते दोन सेंमी ढाळ लागतो, घरापासून बाहेर. तुमच्या ४ मीटरला ६ ते ८ सेंमी. भिंतीकडचा भाग खचण्याआधी उतार सलग होता असं धरलं, तरी तो सगळा मिळून साडेतीन सेंमीच्या वर नसणार. म्हणजे काम नवं होतं तेव्हाही ते अपुरंच होतं.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. डीपीसी आणि बाहेरची पक्की पातळी यांच्यात १५ सेंमी अंतर असावं. पाऊस कडक पृष्ठभागावर आपटतो तेव्हा तो उसळून भिंतीवर उडतो. मातीवर किंवा गवतावर इतका उडत नाही. तुमच्याकडे ४ सेंमीच आहेत, म्हणजे प्रत्येक सर डीपीसीच्या वरची भिंत भिजवते. खालून ओल चढू नये म्हणून घातलेला थर बाजूने येणाऱ्या पाण्यापुढे काही करू शकत नाही. आतला लोणा ही त्याचीच खूण आहे: पाणी भिंतीतून आत येतं, सुकतं, आणि विरघळून आलेले क्षार पृष्ठभागावर मागे राहतात.

तेव्हा स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. हे उखडावं लागेल. ब्लॉक वाया जाणार नाहीत, तेच परत बसतील. चूक त्यांच्या खाली आहे.

निळाई

इतकं सगळं उखडण्याआधी सांधे बंद करून बघायला काय हरकत आहे? आता सांध्यात भरायची खास वाळू मिळते, पाणी शिंपडलं की ती घट्ट धरते. वरून सीलरही मारता येतो. पाणी खाली गेलंच नाही तर माती दबणार नाही.

पागोळी

निळाई, मी हे करून पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगते, करू नका. ती वाळू सांध्यात घट्ट राहते, वाहून जात नाही, गवत कमी उगवतं, हे खरं. पण ती पाणी पूर्ण अडवत नाही. त्यातून थोडं थोडं पाणी उतरत राहतं आणि वर सीलर असल्यामुळे खाली गेलेलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला मात्र उशीर होतो. सिमेंट भरलं तर आणखी वाईट. ब्लॉक मुळात सुटे, थोडे हलणारे असतात. सिमेंट काही महिन्यांत तडकतं आणि त्या केसासारख्या भेगांतून पाणी जातच राहतं. शिवाय मग ब्लॉक काढायचे म्हटलं की फुटतात.

आणि समजा, सगळे सांधे खरोखर बंद झाले. मग पाणी कुठे जाईल? ढाळ भिंतीकडे आहे. ते सगळं भिंतीकडेच येईल, आत्ता येतंय त्याच्यापेक्षा जास्त.

दगडधोंडे

खडीच्या पट्टीबद्दल माझा अनुभव लिहितो. भिंतीलगत एक फूट रुंद पट्टी मोकळी ठेवून त्यात गोटे भरणं ही पद्धत मुळात चांगली आहे. पाणी उसळत नाही, भिंतीचा तळ हवेला मोकळा राहतो, वाळवी चढली तर डोळ्यांना दिसते. म्हणूनच मीही ती केली. पण त्या खडीच्या तळाशी काय आहे याचा विचार केला नाही. तळ होता चिकण मातीचा, सपाट, बाहेर जायला वाट नाही. ब्लॉकवरचं पाणी सांध्यांतून उतरून त्या चरात जमायचं. वरून कोरडं, छान दिसायचं आणि खाली भिंतीला टेकून फूटभर पाणी. आमच्याकडे तळघर आहे. तिथल्या भिंतीतून पाणी झिरपलं तेव्हा कळलं.

शेवटी त्या चराचा तळ उताराने खणला, त्यात जाळीदार कापड (जिओटेक्सटाइल, पाणी जाऊ देतं पण माती अडवतं) अंथरलं, भोकं असलेला पाइप टाकला आणि तो बाहेर उतारावर नेऊन सोडला. तेव्हापासून कोरडं आहे. खडी पाणी नाहीसं करत नाही, फक्त लपवते. ज्या पट्टीला बाहेर जायचा रस्ता नाही ती पट्टी म्हणजे पायाशी बांधलेलं टाकं.

चाफा

मग जाळीची नाली? तयार चॅनेल मिळतात, वर जाळी असते. भिंतीलगत ती बसवली की उतार उलटा असला तरी पाणी उचललं जाईल ना?

ओळंबा

नाली वाईट नाही, पण ती कुठे वापरायची हे महत्त्वाचं. दरवाजासमोर उंबरठा आणि अंगण जवळपास एका पातळीवर ठेवायचं असेल, चाकाच्या खुर्चीसाठी म्हणा किंवा वयस्कर माणसांसाठी, तर तिथे नालीशिवाय गत्यंतर नाही. जमीनच घराकडे उतरत असेल तरीही लागते. पण ढाळ नीट देता येत असताना नाली भिंतीशी बसवणं म्हणजे सगळं पाणी मुद्दाम घरापर्यंत आणून मग परत बाहेर पाठवणं. जाळीत पाला अडकतो, गाळ बसतो. एक दिवस ती तुंबणार आणि तो दिवस नेमका मोठ्या पावसाचा असणार.

आणि मागच्या अंगणात नाली फक्त वरचं पाणी उचलेल. भरणी खाली दबत राहिली तर नालीही तिच्याबरोबर खचेल.

मागचं_अंगण

लवचीक पाइप जोडून पाणी बागेत दहा पावलं लांब सोडलं. पुढच्याच पावसात भिंतीशी साचलेलं पाणी निम्म्यावर आलं. इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

उखडायचं ठरवलंय. पण आकड्यांत अडकलोय. डीपीसीखाली १५ सेंमी हवेत तर भिंतीशी पातळी ११ सेंमी खाली न्यावी लागेल. वर ४ मीटरला ८ सेंमी ढाळ. म्हणजे बाहेरची कड आत्ताच्या भिंतीशी असलेल्या पातळीपेक्षा १९ सेंमी खाली येते. ती आत्ता फक्त १ सेंमी खाली आहे, आणि कडेला लागून असलेली बागेची माती तिच्यापेक्षा १२ सेंमी खाली. म्हणजे नवी कड बागेच्या मातीत ६ सेंमी बुडणार. मग पाणी बागेत कसं जाईल? बहुतेक म्हणूनच काम करणाऱ्यांनी पातळी वर ठेवली असावी.

बागेचा एक कोपरा मात्र सखल आहे, अंगणाच्या कडेपेक्षा साधारण एक फूट खाली. तो घरापासून नऊ-दहा मीटर दूर आहे. त्याचा काही उपयोग होईल का?

पागोळी

होईल ना! तो कोपरा हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आम्ही अगदी हेच केलं. बाहेरच्या कडेला समांतर उथळ चर काढायचा, नाली नव्हे, गवताचा चर. दोन्ही काठ इतके पसरट की पाय मुरगळू नये आणि गवत कापायचं यंत्र फिरू शकेल. सुरुवातीला तळ ब्लॉकच्या कडेपेक्षा चार-पाच सेंमी खाली ठेवा आणि तिथून सखल कोपऱ्याकडे दर मीटरला एक सेंमी उतार द्या. ५ मीटर लांबीला ५ सेंमी. सुरुवातीला मातीत दहा-बारा सेंमी खोल, शेवटी पंधरा-सोळा. गवत उगवलं की चर आहे हे कळतसुद्धा नाही.

तुम्ही आधी पाण्याचा शेवट शोधायला हवा होतात असं म्हणणार नाही, कारण कोणीच शोधत नाही. सगळे नक्षी आणि रंग निवडतात. मीही दोन आठवडे रंग निवडण्यात घालवले होते.

मागचं_अंगण

पागोळीताई, हे फार मोठं काम केलंत. आता कळलं की हे होऊ शकतं.

अजून एक विचारतो. पाणी झिरपू देणारे ब्लॉक मिळतात, रुंद सांध्यांचे. ते बसवले तर ढाळाचा प्रश्नच उरणार नाही ना?

ओळंबा

ते ब्लॉक चांगले आहेत, पण भिंतीशी नकोत. त्यांची सगळी रचनाच पाणी खाली साठवण्यासाठी असते. खाली बारीक कण नसलेली एकसारखी खडी असते, तिच्यातल्या मोकळ्या जागांत पाणी थांबतं आणि सावकाश जमिनीत मुरतं. तेच पाणी तुमच्या पायाच्या भरणीत मुरलं तर? म्हणून ते घराच्या पायापासून ३ मीटर तरी दूर ठेवतात, किंवा पायाच्या बाजूला न झिरपणारा पडदा आणि खाली निचऱ्याचा पाइप घालतात. बागेतल्या वाटेसाठी, गाडी लावायच्या जागेसाठी जरूर वापरा.

आणि चिकण माती असेल तर मुरणं इतकं हळू असतं की दोन पाऊस लागोपाठ झाले तर खालचं साठवण भरलेलंच राहतं.

मागचं_अंगण

आज भिंतीलगतचे ब्लॉक उचलले. लिहिताना हात अजून मातीचे आहेत.

पहिली ओळ उचलली तर खाली वाळूचा थर ९ सेंमी! बाहेरच्या बाजूला तोच थर ३ सेंमी. म्हणजे खडीची पातळी वेडीवाकडी होती आणि ती लपवायला वाळू ओतून वरून सपाट केलं होतं. वाळू पूर्ण ओली, पिळली तर पाणी निघेल अशी. त्याखाली खडी जेमतेम एक थर, बोटाने बाजूला सारता येईल इतकी सुटी. त्याखालच्या मातीत सळई हाताने दाबली तर फूटभर सरळ आत गेली. ६० सेंमीच्या पलीकडे तीच सळई दोन इंचही गेली नाही. ओळंबा म्हणाले होते अगदी तसंच.

भरणीत विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या आणि एक सडलेली फळीही निघाली. घर बांधतानाचा राडारोडा असावा.

पागोळी

फळी पूर्ण काढा. लाकूड पायाशी पुरलेलं असलं की वाळवीला आमंत्रण असतं, आणि सडलं की तिथे पोकळी होते.

वाळूबद्दल मनापासून सांगते, हे नीट समजून घ्या कारण इथेच बहुतेक कामं बिघडतात. ढाळ वाळूत द्यायचा नसतो. ढाळ मातीत द्यायचा. मग खडी त्याच ढाळाने, सगळीकडे सारख्या जाडीची. मग वाळू सारख्या जाडीची, अडीच ते चार सेंमी, त्याहून जास्त नको. वाळू कुठे तीन आणि कुठे नऊ असली तर ती वेगवेगळी दबणार आणि वरची पातळी महिन्याभरात बिघडणार.

याचं दुसरंही कारण आहे. ब्लॉकच्या सांध्यांतून थोडं पाणी खाली जातंच. ते वाळूतून उतरून खालच्या थरावर येतं आणि त्या थराच्या उताराने वाहतं. वर तुम्ही बाहेरच्या बाजूला कितीही सुंदर ढाळ दिलात, पण खालची माती घराकडे उतरत असली तर ते पाणी अंधारात घराकडेच चालत येतं. डोळ्यांना दिसणारा उतार आणि जमिनीखालचा उतार एकाच दिशेला हवा.

आणि वाळू भरड, धुतलेली घ्या. कच, म्हणजे दगड फोडताना निघणारा बारीक चुरा, वापरू नका. कच स्वस्त पडतो आणि हाताला छान सपाट लागतो, पण त्यातली भुकटी पाणी धरून ठेवते.

ओळंबा

पागोळी यांनी लिहिलं त्याच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. भरणीचं सांगतो.

ढिली माती घट्ट तळ लागेपर्यंत काढा, पण पायाच्या तळाच्या खाली कधीही जाऊ नका आणि भिंतीची पूर्ण लांबी एकदम उघडी टाकू नका. दीड-दोन मीटरचे तुकडे करा. परत भरताना १० सेंमीचे थर, प्रत्येक थर ठोकून मगच पुढचा. माती किती ओली हवी? मूठ आवळली की गोळा व्हावा, पण तळहाताला पाणी लागू नये. कोरडी माती कितीही ठोका, बसत नाही. चिखल ठोकला तर नुसता बाजूला सरकतो.

भिंतीपासून दोन फुटांत मोठं कंप यंत्र चालवू नका, हाताची धुमस वापरा. तळघर असेल तर हे विशेष पाळा. कंपनाचा रेटा भिंतीवर आडवा येतो.

माती चिकण असेल तर ती आणि खडी यांच्यामध्ये जाळीदार कापड टाका. नाहीतर दोन-तीन वर्षांत खडी मातीत रुतते आणि माती खडीत चढते. खडी पायी वावरासाठी १० ते १५ सेंमी पुरते, तीही दोन थरांत ठोकून.

निळाई

मी आधी सीलरचा सल्ला दिला होता, तो मागे घेते. वाचून समजलं. एक शंका: बाहेरच्या कडेला ब्लॉक सरकू नयेत म्हणून काँक्रीटची कड करतात. तिने वाळूतलं पाणी अडणार नाही का?

ओळंबा

फार महत्त्वाची शंका काढलीत. अडतं, आणि ही गोष्ट जाणकारही विसरतात. वरचं पाणी कडेवरून चरात जातं, पण वाळूतलं पाणी काँक्रीटच्या कडेशी येऊन थांबतं. मग कडेच्या दोन ओळी कायम ओल्या, शेवाळलेल्या राहतात आणि खालची वाळू हळूहळू निसटते. म्हणून कडेच्या तळाशी, वाळूच्या खालच्या पातळीवर, दर मीटरला एक बारीक पाइपचा तुकडा आरपार ठेवायचा. आतल्या तोंडाला कापड गुंडाळायचं म्हणजे पाणी जाईल आणि वाळू राहील.

ज्यांना जुन्या काँक्रीटच्या कोब्यावर ब्लॉक बसवायचे आहेत त्यांनाही हेच लागू आहे. कोब्याच्या सखल भागात साधारण ५० मिमी व्यासाची भोकं पाडून, त्यात बारीक गोटे भरून, वर कापड टाकायचं. नाहीतर वाळू परातीत भिजत ठेवल्यासारखी राहते.

मागचं_अंगण

तीन आठवड्यांनी लिहितोय. काम झालं. काय काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

सगळे ब्लॉक उचलून रचून ठेवले, सात-आठच फुटले. भिंतीलगतची भरणी तुकड्यातुकड्याने काढून परत ठोकली, यातच निम्मा वेळ गेला. उघडलेल्या भागात जोत्याच्या दगडांचे दोन सांधे पोकळ झाले होते, ते भरून घेतले. मातीतच ढाळ काढला. दोन खुंट्या, दोरी आणि लेव्हल ट्यूब, एवढ्यावर झालं. दर मीटरला २ सेंमी.

कापड, मग १२ सेंमी खडी दोन थरांत, मग ३ सेंमी वाळू. वाळूची जाडी सारखी राहावी म्हणून दोन ३० मिमीचे पाइप खडीवर ठेवून त्यांच्यावरून फळी ओढली आणि मग पाइप काढून ती खाच भरली. कंप यंत्र फिरवल्यावर ब्लॉक आणखी थोडे बसतात, म्हणून ते पाच-सहा मिमी उंच ठेवले होते. ते दोन फुटांचं पथ्य पाळलं, भिंतीकडच्या ओळी लाकडी हातोड्याने बसवल्या.

भिंत आणि पहिली ओळ यांच्यात १ सेंमी फट ठेवली, लवचीक पट्टी भरून. गवंडी तिथे सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात तिरकी पट्टी, काढायचा आग्रह करत होते. मी नको म्हटलं, कारण ब्लॉक हलले की वाटा तडकणार आणि त्या भेगेतून पाणी सरळ भिंतीत. शिवाय तो वाटा डीपीसीच्या वर गेला तर ओलीला चढायला शिडीच.

पन्हळीचा पाइप आता जमिनीत आहे. तो ब्लॉकखालून नेला असता तर इतका खोल गेला असता की सखल कोपऱ्यात त्याचं तोंड जमिनीच्या वर आलंच नसतं. म्हणून फरसबंदीच्या बाजूने, मातीतून नेला. ११० मिमीचा पाइप, दर मीटरला १ सेंमी उतार, आणि सुरुवातीला एक छोटी चेंबर, ज्यात पाला आणि गाळ अडतो व हात घालून काढता येतो.

चाफा

सखल कोपरा तुमच्याच हद्दीत आहे ना? चर आणि पाइप दोन्हीचं पाणी एका जागी आलं की तिथून ते पुढे शेजारच्या जागेत जाऊ शकतं. आपली भिंत कोरडी करताना दुसऱ्याची ओली व्हायला नको.

मागचं_अंगण

आमच्याच हद्दीत आहे, पण कुंपणापासून फार लांब नव्हता, म्हणून पाइपचं तोंड अलीकडेच थांबवलं. तिथे बशीसारखा खोलगट भाग केला आणि पाण्यात उभी राहू शकतील अशी झाडं लावली. घरापासून ते ७ मीटरवर येतं. शोषखड्डा करायचा विचार होता, पण आधी एक फूट खड्डा खणून पाणी ओतून पाहिलं, सकाळी ओतलेलं संध्याकाळी निम्मंच मुरलं होतं. तेव्हा उघडी बशीच बरी. किती भरली ते दिसतं तरी.

दगडधोंडे

ही पाणी ओतून बघायची गोष्ट प्रत्येकाने करावी. शोषखड्डा करायचाच असेल तर तो इमारतीपासून ५ मीटर तरी लांब हवा.

दाराचं काय केलंत? पातळी ११ सेंमी खाली गेली म्हणजे दारातून उतरायला त्रास होत असेल.

मागचं_अंगण

हो, एक पायरी घ्यावी लागली. ती भिंतीला न चिकटवता बोटभर फट ठेवून स्वतंत्र बांधली आणि तिलाही बाहेरच्या बाजूला ढाळ दिला. आईला सुरुवातीला ती पायरी नको होती, म्हणून बाजूला पकडायला दांडा लावला. आता ती सकाळी तिथेच बसते.

ओळंबा

उत्तम काम. आतल्या भिंतीला लगेच हात लावू नका. पोपडे निघालेला गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका आणि भिंत तशीच उघडी ठेवा. जाड भिंत वाळायला महिने लागतात. वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातील. घाईने वॉटरप्रूफ रंग दिलात तर आतली ओल कोंडून आणखी वर चढेल.

मागचं_अंगण

शेवटची नोंद. त्यानंतर चार मोठे पाऊस झाले. भिंतीशी पाणी थांबत नाही. पाऊस संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ब्लॉक वरून मोकळे होतात. चरात पाणी वाहताना दिसतं, कडेच्या पाइपांतूनही बारीक धार येते, म्हणजे वाळूतलं पाणीही निघतंय. आतल्या ओलीची पेन्सिलीची रेघ पाच आठवड्यांत चार बोटं खाली आली आहे. गिलावा काढून ठेवलाय, रोज संध्याकाळी लोणा झाडतो.

पायरीशेजारचे तीन ब्लॉक चार-पाच मिमी बसलेत. तिथे धुमस नीट पोचली नव्हती, मला तेव्हाच शंका होती. या रविवारी ते उचलून खालची खडी पुन्हा ठोकून, वर ३ सेंमी वाळू घालून बसवतो.